पाणक्यानं दार उघडलं

मरण्यात माझा हात धरणारा आमच्या गावात दुसरा कोणी नव्हता. दरवर्षी किल्ल्याच्या लढाईचे दोन दिवस आले की खालच्या माळावर दोऱ्या बांधून रणांगण आखलं जायचं, एका अंगाला आपले लोक, दुसऱ्या अंगाला गोऱ्यांची पलटण, आणि पहिल्याच फैरीत मी पडायचो. पडायचो म्हणजे नुसता आडवा व्हायचो नाही. आधी एक गिरकी, मग छातीवर हात, मग गुडघ्यांवर, आणि शेवटी तोंडावर. एकदा एक आजी खरंच पाण्याची बाटली घेऊन दोरीखालून आत आली होती. एरवी मी चष्मे विकतो. चष्मेवाल्याकडे बघून कोणाचा जीव हळहळत नाही, त्यामुळे वर्षातले ते शनिवार-रविवार माझ्यासाठी फार मोठे होते.

मग उजव्या गुडघ्याची वाटी बदलावी लागली. डॉक्टर म्हणाले, "चाला, फिरा, सावकाश जिने चढा. धावू नका. आणि पडू तर मुळीच नका." आता आमच्या लढाईत दुसरं असतं काय? गोऱ्यांच्या बाजूला गेलं तर चढ धावत चढायचा, आपल्या बाजूला राहिलं तर मरायचं. दोनशे वर्षांपूर्वी गोऱ्यांनी किल्ल्याला वेढा घातला, आतल्यांनी दाद दिली नाही, शेवटी एका पहाटे दार उघडलं, पलटण आत शिरली आणि आत होते तेवढे सगळे कापले गेले. एकही वाचला नाही. अशा लढाईत न पडणाऱ्या माणसाला कोण विचारतो?

ही लढाई दरवर्षी उभी करायची सगळी उठाठेव माझ्या वहिनींची. त्या शाळेत इतिहास शिकवतात. संहिता त्यांची, तालमी त्यांच्या, माईकवरून निवेदनही त्यांचंच. दादा, म्हणजे त्यांचा नवरा आणि माझा थोरला भाऊ, शिंपी आहे. पलटणीचे लाल डगले तोच शिवतो आणि वर्षभर त्यांना कसर लागू नये म्हणून जपतो. ऑपरेशननंतर मी त्याच्या दुकानात तोंड पाडून बसलो होतो. दादा एक कॉलर उसवत होता, वहिनी डब्यातून पितळी बटणं निवडत होत्या.

"यंदा मी प्रेक्षकांत बसेन म्हणतो," मी म्हटलं.

"मुळीच नाही, भावजी. तुम्ही नसलात तर लढाईत राम काय उरला? थांबा, काहीतरी काढू. मेला नाही असा एक तरी माणूस हवा."

"सगळे मेले म्हणून तर ती लढाई एवढी गाजली."

दादानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "ज्यानं दार उघडलं तो कशाला मरेल?" तो म्हणाला, आणि टाचण्या परत तोंडात धरल्या.

वहिनींच्या हातातलं बटण हातातच राहिलं.

आता इथे थोडं व्याकरण सांगायला हवं. किल्ल्याच्या पायथ्याशी एक जुना दगड आहे. त्यावर कोरलंय, 'पहाटे दार उघडले आणि किल्ला पडला.' पिढ्यान् पिढ्या आम्ही ते वाचत आलो. पण 'दार उघडले' म्हणजे कोणी उघडले, की ते आपलं आपण उघडले, हे त्या दोन शब्दांवरून कळत नाही. आपली भाषाच तशी सोयीची आहे. वहिनींनी पलटणीच्या कप्तानाचा अहवालसुद्धा खटपट करून मिळवला होता. त्यातही इतकंच होतं की पहाटे दार उघडं सापडलं. वर्गात त्या मुलांना सांगायच्या, "या वाक्याला कर्ता नाही. कर्ता सापडला नाही तर इतिहासात जागा मोकळी सोडायची असते." त्याच वहिनी त्या दिवशी ती मोकळी जागा भरायला निघाल्या, आणि ते कशासाठी, तर दिराचं पडलेलं तोंड त्यांना बघवेना म्हणून.

"पहारेकरी घेऊ या?" त्या म्हणाल्या.

"पहारेकऱ्यांचे कपडे आधीच कमी पडतात," दादा म्हणाला. "माझ्याकडे ती पखाल पडून आहे बघ. रेक्झिनची. एवढी खपून शिवली आणि कोणी खांद्याला लावली नाही."

"पाणक्या!" वहिनी एकदम उठल्याच. "किल्ल्यात पाणी बाहेरूनच जात असणार. त्याला वाट माहीत, दार माहीत, आणि पाणक्याला कोण अडवतंय? भावजी, तुम्ही पाणक्या. अडसर काढायचा आणि बाजूला उभं राहायचं. पडायचं नाही, धावायचं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गावात कोणाला लागणार नाही ना हे?"

वहिनी परगावच्या. मी इथलाच. वरच्या आळीत एक घर आहे, त्याला सगळे पाणक्यांचं घर म्हणतात, कारण त्यांचा कोणी पूर्वज किल्ल्याला पाणी पुरवायचा. हे मला शेंबडं पोर असल्यापासून माहीत होतं. त्या घरातल्या पाणकेकाकांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला, त्यांचं नाव जिभेवर आलं. पण पखाल खांद्याला लावून मोठ्या दारासमोर मी एकटा उभा आहे आणि सगळा माळ माझ्याकडे बघतोय, हेही त्याच क्षणी दिसलं.

"छे हो," मी म्हटलं. "दोनशे वर्षं झाली. कोणाला काय लागतंय!"

पहिल्या वर्षी वहिनी माईकवर म्हणाल्या, "आणि पहाटे, पाणक्यानं दार उघडलं." मी अडसर काढला, चोरासारखं इकडेतिकडे बघितलं, आणि माळावर जी हुर्यो उठली तशी मी जन्मात ऐकली नव्हती. शिट्ट्या, शिव्या, एक चप्पलसुद्धा आली. मेल्यावर जेवढं कौतुक झालं नव्हतं तेवढं जगल्यावर झालं. पुढच्या वर्षी लोकांना वाक्य पाठ झालं होतं. वहिनी नुसतं "आणि पहाटे" म्हणून थांबायच्या आणि सगळा माळ एका सुरात पुरं करायचा, "पाणक्यानं दार उघडलं!" मी हळूहळू त्यात रंग भरत गेलो. दाढीचे खुंट वाढवले, चालताना एक खांदा पाडला, अडसर काढायच्या आधी तळव्यावर थुंकायला लागलो. दुकानात लोक म्हणायचे, "फितूर, नंबर नीट काढ रे, नाहीतर डोळ्यांशीही फितुरी करशील." मी खो खो हसायचो. मला ते लागायचं कारणच नव्हतं. संध्याकाळी तोंड धुतलं की मी पुन्हा चष्मेवाला व्हायचो.

पाणकेकाकांना तोंड धुऊन ते जाणार नव्हतं. ते नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. उभा जन्म हातात लांब लोखंडी चावी घेऊन ते गल्लोगल्ली फिरले आणि वेळच्या वेळी पाणी सोडत आले. निवृत्त झाल्यावर चौकातल्या बाकावर बसायचे, आणि आल्यागेल्याला 'तुमच्याकडे दाब बरा आहे ना?' विचारायचे. आता लोकांना आयतंच कोलीत मिळालं. "काय पाणके, उघडायची सवय घराण्यातलीच म्हणायची!" कोणीतरी पहिल्यांदा म्हटलं आणि काका स्वतःच मोठ्यानं हसले. दुसऱ्यांदा कमी हसले. चिडवणाऱ्याला वाटतं आपण तोच विनोद करतोय, पण ऐकणाऱ्याला तो दरवेळी नवा लागतो. त्यांची मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, तिलाही लोक "बाई, दार लावलंत ना?" विचारायला लागले. काका बाकावर बसेनासे झाले. दोन वर्षं हे सगळं मी दुकानाच्या काचेतून बघत होतो. दरवेळी ठरवायचो, वहिनींना सांगायचं. दरवेळी म्हणायचो, एवढी लढाई होऊन जाऊ दे.

गेल्या उन्हाळ्यात काका दुकानात आले. जवळचं दिसत नव्हतं. मी नंबर काढला, फ्रेम दाखवल्या, त्यांनी सगळ्यांत स्वस्त आणि जाड काड्यांची घेतली. काडी कानामागे बसवायला मी त्यांच्या अगदी तोंडाशी आलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "छान करता हो तुम्ही आमचं काम."

"कुठलं, काका?"

"पाणक्याचं. अगदी खरं वाटतं. एक विचारायचं होतं. तुमच्या वहिनींनी एवढा अभ्यास केलाय. त्यानं उघडलं कशासाठी? पैशासाठी?"

हीच ती वेळ होती. दुकानात आम्ही दोघंच. माझ्या हातात त्यांच्या कानामागची काडी होती. 'काका, असं काही झालंच नाही' एवढं म्हटलं असतं तर ते उठून चौकात गेले असते आणि बाकावर बसले असते. पण मग त्यांनी विचारलं असतं, हे कोणी रचलं, आणि तुम्ही तिथे होतात का.

"पैशासाठी नाही," मी म्हटलं. "त्याचं पोर आजारी होतं म्हणतात. तापानं फणफणलेलं. त्याला बाहेर वैद्याकडे न्यायचं होतं. म्हणून पहाटे दार उघडलं."

माझ्या मते मी त्यांना मलम लावत होतो. काका बराच वेळ आरशात बघत राहिले. "पोर," ते म्हणाले. "असं आहे होय." जाताना त्यांनी माझे हात हातात घेतले. मी चष्म्याचे पैसे कमी लावले आणि स्वतःवरच खूश झालो. आता हे लिहिताना मला माझ्या त्या खुशीचीच सगळ्यात जास्त शिसारी येते.

यंदा किल्ला समितीनं पायथ्याशी नवा फलक लावायचं ठरवलं. जुना दगड वाचता येत नाही म्हणून पोलादी, कोरीव, वर काच. मजकूर त्यांनी वहिनींच्या संहितेतूनच घेतला: 'पहाटे पाणक्याने दार उघडले आणि किल्ला पडला.' शनिवारी, पहिल्या दिवसाच्या लढाईआधी, त्याचं अनावरण होतं. मी पाणक्याच्या वेशात, पखाल लावून, मागे उभा होतो. अध्यक्षांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या, आणि समोरच्या गर्दीतून पाणकेकाका पुढे आले. इस्त्रीचा शर्ट, नवा चष्मा. त्यांनी वहिनींकडे माईक मागितला.

"मला भाषण येत नाही," ते म्हणाले. "मी व्हॉल्व्हमन होतो. मी त्या पाणक्याच्या घरातला. आमची आजी स्वयंपाकघरात बसून नेहमी एक सांगायची. पोर तापानं फणफणलं होतं, वैद्याकडे न्यायचं होतं, म्हणून दार उघडलं. मी लहान होतो, ती कशाबद्दल बोलते ते मला कळायचं नाही. आता कळलं. एका पोरापायी तुमची इतकी माणसं गेली. आमच्या घराण्याच्या वतीनं मी सगळ्या गावाची माफी मागतो." आणि पंचाहत्तरीचा तो माणूस खाली वाकला आणि त्यानं मातीवर डोकं टेकवलं.

मग टाळ्यांचा कडकडाट. अध्यक्षांनी त्यांना उठवून मिठी मारली. ज्यांनी त्यांना सगळ्यात जास्त पिडलं होतं तेच सगळ्यात आधी हात मिळवायला धावले. एकदोघांनी डोळे पुसले. गावाला क्षमा करायला फारच आवडलं. वहिनींच्या डोळ्यांतही पाणी होतं. चौकातली थट्टा शाळेपर्यंत पोचली नव्हती, त्यामुळे त्यांना बिचाऱ्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं की पाणक्याला घर आहे. आणि मी? धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते मी तोपर्यंत नुसतं ऐकलं होतं. माझ्या दुकानात, माझ्या तोंडून निघालेलं पोर त्यांच्या आजीच्या तोंडी जाऊन बसलं होतं.

लढाई कशीबशी केली. संध्याकाळी तडक त्यांच्या घरी गेलो. मुलीनं दार उघडलं. काका खुर्चीत बसले होते, मांडीवर समितीनं दिलेला पुष्पगुच्छ तसाच होता. "या, या, चष्मेवाले," ते म्हणाले. इतकं प्रसन्न मी त्यांना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"काका, ते खोटं आहे," मी उभ्या उभ्याच म्हटलं. बसलो असतो तर माझ्याच्यानं बोलवलं नसतं.

"काय खोटं?"

"पाणक्या. त्यानं दार उघडलं हे कुठेच लिहिलेलं नाही. ते आम्ही रचलं. मला पडता येत नव्हतं, म्हणून."

"पडता?"

"गुडघा. ऑपरेशन झालं होतं. न मरणारं काम हवं होतं."

त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं. मुलगी आतून आली आणि दारात थबकली. मी सगळं सांगितलं. पखाल, दादाच्या टाचण्या, वहिनींनी विचारलेला प्रश्न आणि त्याला मी दिलेलं उत्तर. "आणि ते पोराचंही मीच सांगितलं तुम्हाला, दुकानात. आजीनं नाही."

"आजीनंच," काका म्हणाले.

"काका, अहो, मी काडी बसवत होतो तेव्हा..."

"तुम्ही सांगितलंत तेव्हा मला आठवलं. तुम्ही आठवण करून दिलीत. मला तिचा आवाज ऐकू येतो अजून." त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. लहान मुलाला समजावावं तसं ते बोलत होते. "आणि त्यानं उघडलं नाही, हे तरी तुम्हाला कुठे माहीत आहे?"

"नाही. कोणालाच माहीत नाही."

"मग झालं तर. आज कितीतरी दिवसांनी लोक माझ्याशी नीट बोलले. उद्याही या म्हणालेत, पहिल्या रांगेत. तुम्ही आता हे काय घेऊन बसलात?"

मुलगी त्यांना म्हणाली, "बाबा, फुलं पाण्यात घालता का जरा?" ते पुष्पगुच्छ घेऊन आत गेले. मग ती माझ्याकडे वळली. रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. "आठवडाभर ते आरशासमोर उभे राहून माफी मागत होते," ती म्हणाली. "हात कसे जोडायचे, कुठे वाकायचं. मी म्हणायचे, बाबा, नका. तुम्हाला तालमीची सवय आहे, तुम्हाला कळेल."

"मी समितीला सांगतो. फलक काढायला लावतो."

"आणि लोक काय म्हणतील? पाणक्यांनी वशिला लावून नाव पुसून घेतलं. वर आणखी एक डाग. सांगायचंच असेल तर चारचौघांत सांगा. ज्या माईकवर ते बोलले त्याच माईकवर." मी उंबरा ओलांडला, तेव्हा ती दार लावता लावता थांबली. "तुम्ही त्यांना चष्मा स्वस्तात दिलात तेव्हा मला वाटलं, चला, गावात एक तरी माणूस बरा आहे."

रविवारी सकाळी मी वहिनींच्या स्वयंपाकघरात गेलो. त्या निवेदनाचे कागद चाळत होत्या. मी सांगितलं. त्यांनी कागद खाली ठेवले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला, भावजी."

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वहिनी म्हणाल्या, "तुम्हालाच कशाला बोलू? फलकाचा मजकूर माझ्याकडे आला होता तपासायला. तो शब्द आपला आहे, हे मला दिसलं. पण माझं वाक्य पोलादावर कोरतायत, याच आनंदात मी सही केली. मुलांनी असं केलं असतं तर मी त्यांना वर्गाबाहेर काढलं असतं." मग त्या उठल्या. "सुरुवातीला तुम्ही माईकवर बोला. मग मी फलकाचं बोलते. आणि आज दाराशी कोणी उभं राहायचं नाही. दार दोरीनं ओढू. मी दगडावर आहे तेवढंच म्हणेन."

माळ आदल्या दिवसापेक्षा जास्त भरला होता. काकांच्या माफीची बातमी आसपासच्या गावांत गेली होती. पहिल्या रांगेत काका आणि त्यांची मुलगी. आणि त्या गडबडीत माझ्या हातून अशी चूक झाली, जी फक्त आमच्यासारख्या सोंगं घेणाऱ्यांच्याच हातून होईल. सवयीनं मी वेश चढवला होता. दाढीचे खुंट, फाटकी बंडी, खांद्याला पखाल. तसाच मी माईकपुढे गेलो.

"मंडळी," मी म्हटलं, "पाणक्यानं दार उघडलं नाही."

हुर्यो उठली. नेहमीची, भरघोस.

"खरं सांगतोय. ते मी रचलं!"

"फितूर! खोटारडा!" कोणीतरी ओरडलं, आणि लोक हसले.

"शपथेवर सांगतो. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, मला पडता येत नव्हतं, म्हणून..."

पुढचं कोणालाच ऐकू गेलं नाही. माळ गडगडाटी हसत होता. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडत होत्या. मी खांदा सरळ केला, बंडी काढली, घसा कोरडा पडेपर्यंत ओरडलो, आणि जितका ओरडलो तितकं ते त्यांना अभिनयात जमा झालं. एक चप्पल आली. मी पहिल्या रांगेकडे बघितलं. काका हसत नव्हते, पण रागावलेलेही नव्हते. तालमीत दुसऱ्याची वाक्यं चुकली की आपण बघतो तसे बघत होते. वहिनींनी माझ्या हातातून माईक घेतला आणि फलकावरचा शब्द चुकीचा आहे, त्याला पुरावा नाही, असं शांतपणे, शाळेत सांगतात तसं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष डोळे पुसत माझ्यापाशी आले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "यंदा ही भर छान घातलीत हं. फितूर शेवटपर्यंत कबूल होत नाही! एकदम पटतं."

पलटण चढावर रांगेत उभी राहून खोळंबली होती. लढाई सुरू करावीच लागली. फैरी झाल्या, धूर झाला, आपले लोक एकेक पडले. माझ्या जुन्या जागेवर आता डाकघरातला एक मुलगा पडतो. गिरकी त्याला जमत नाही. मी फळ्यांच्या भिंतीआड दोरीचं टोक धरून बसलो होतो.

वहिनींचा आवाज आला. "आणि पहाटे," त्या म्हणाल्या, आणि श्वासही न घेता पुढे म्हणाल्या, "दार उघडलं."

मी दोरी ओढली. दार करकरत उघडलं. त्याच्यापाशी कोणी नव्हतं. माळावर क्षणभर गोंधळ झाला, बाईंनी फळ्यावर गाळलेली जागा सोडली की वर्गात होतो तसा. मग कुठून तरी एक आवाज आला, मग शंभर, मग सगळा माळ हसत, टाळ्या पिटत, एका सुरात:

"पाणक्यानं!"

फटीतून मला पहिली रांग दिसत होती. काका खुर्चीच्या हातावर भार देऊन उठले. गर्दीकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. मुलगी त्यांची बाही ओढत "बाबा, बसा ना, बाबा" म्हणत होती. पण टाळ्या संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले.